आरसी ट्रकसाठी ब्रशलेस मोटर आणि ईएससी कसा निवडायचा? संपूर्ण माहिती मराठीत

रिमोटवर धावणारा आरसी ट्रक तुमच्याकडे असेल, किंवा घ्यायचा विचार चालू असेल, तर एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. गाडी फास्ट कशी करायची? यूट्यूबवर दोन-चार व्हिडिओ बघितले की उत्तर मिळतं, "ब्रशलेस टाक." पण कोणती ब्रशलेस? किती केव्हीची? ईएससी किती अँपिअरचा? इथे बरेच जण अडकतात आणि मग अंदाजाने ऑर्डर करून टाकतात.

मीही तेच केलं होतं. लालबागला आमच्या चाळीत ट्यूशन घेऊन तीन महिने पैसे साठवले आणि ५२०० केव्हीची मोटर आणि सोबतचा ईएससी असा कॉम्बो घेतला. आकडा मोठा म्हणजे मोटर भारी, एवढंच डोक्यात. त्याला मित्राची ३एस बॅटरी लावली. चाळीच्या अंगणात गाडी जेमतेम दोन फेऱ्या मारून थांबली, "फट्" आवाज आला आणि ईएससीमधून धूर निघाला. वरच्या मजल्यावरून सगळे बघत होते ते वेगळंच. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नव्हता. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, या मोटरसाठी फक्त २एस. मी वाचलंच नव्हतं.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ईएससीला असतं. तुमचे पैसे असे धुरात जाऊ नयेत म्हणून आज आपण मोटर आणि ईएससीची जोडी कशी निवडायची ते पायरीपायरीने पाहणार आहोत. गणित थोडं आहे, पण मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होण्यासारखं आहे. चला तर मग, सुरुवात करूया.

ब्रशलेस मोटर म्हणजे काय?

साध्या म्हणजे ब्रश्ड मोटरमध्ये तारेची गुंडाळी फिरते आणि चुंबक स्थिर असतं. फिरणाऱ्या गुंडाळीला करंट पोचवण्यासाठी कार्बनचे दोन ब्रश तिच्यावर सतत घासत असतात. घासलं की झीज, ठिणग्या आणि उष्णता आलीच.

ब्रशलेस मोटरमध्ये हे उलटं असतं. गुंडाळ्या बाहेरच्या डब्यात स्थिर बसलेल्या असतात आणि मधल्या शाफ्टवरचं चुंबक फिरतं. घासणारं काही नाही, त्यामुळे झिजतात त्या फक्त बेअरिंग. पण गुंडाळ्यांना कोणत्या क्षणी करंट द्यायचा हे आता ब्रश ठरवत नाही, त्यासाठी बाहेरून इलेक्ट्रॉनिक डोकं लागतं. म्हणूनच ब्रशलेस मोटरला दोनऐवजी तीन वायर असतात आणि ती बॅटरीला थेट जोडून चालत नाही.

ही टेक्नॉलॉजी काही परकी नाही. घराघरात दिसणारे बीएलडीसी पंखे म्हणजे ब्रशलेस मोटरच. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोघांनी २०१२ मध्ये सुरू केलेली ॲटमबर्ग ही कंपनी याच पंख्यांमुळे नावारूपाला आली. साधा पंखा फुल स्पीडला साधारण ७५ वॅट खातो, तिथे असा पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये काम भागवतो. इलेक्ट्रिक स्कूटर आणि ड्रोन यांच्यातही हेच तत्त्व आहे.

ईएससी म्हणजे काय?

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. तो चार कामं करतो.

- बॅटरीचा करंट तीन वायरमध्ये आळीपाळीने सोडून मोटर फिरवतो.
- रिमोटचा ट्रिगर किती दाबलाय त्याप्रमाणे वेग, ब्रेक आणि रिव्हर्स देतो.
- बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली जायला लागली की मोटर थांबवतो. याला कटऑफ म्हणतात.
- रिसीव्हर आणि स्टिअरिंग सर्व्होला ६ व्होल्टच्या आसपास पॉवर देतो. या भागाला बीईसी म्हणतात.

म्हणजे मोटर ही ताकद असली तरी डोकं ईएससी आहे. आणि आधी जळतं ते बहुतेक वेळा डोकंच!

पायरी १: आधी आपली गाडी ओळखा

मोटर शोधायच्या आधी गाडीबद्दल चार गोष्टी कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहून घ्या.

१. स्केल: १/१६, १/१०, १/८ यांपैकी कोणतं?
२. वजन: बॅटरीसकट. घरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा.
३. ड्राइव्ह: मागची दोनच चाकं फिरतात की चारही?
४. मोटर बसायची जागा: किती लांब आणि किती जाड मोटर मावेल? शाफ्ट किती मिलिमीटरचा?

मोटर काढायच्या आधी सगळ्या बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोणती वायर कुठे होती, स्क्रू किती लांब होता, हे नंतर आठवत नाही. फोटो मात्र विसरत नाही.

पायरी २: मोटरची साइज

मोटरवर ३६५०, ३६६०, ४०७४ असे चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे जाडी आणि पुढचे दोन म्हणजे लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ३६५० म्हणजे ३६ मिमी जाड, ५० मिमी लांब. ही १/१० गाड्यांमधली सगळ्यात कॉमन साइज, तिलाच ५४० साइजही म्हणतात.

साधा नियम लक्षात ठेवा. केव्ही सारखी असेल तर मोठ्या डब्याची मोटर जास्त ओझं सहन करते आणि उशिरा तापते. चेंडूसारखी मोठी चाकं असलेला मॉन्स्टर ट्रक आणि सपाट रस्त्यावरची कार, दोन्ही १/१० असले तरी ट्रकला मोटरची लांबी जास्त लागते.

- १/१६ आणि १/१४: २८३८ ते २८४५
- १/१० दोन चाकी ड्राइव्ह, सुमारे २ किलो: ३६५०
- १/१० चार चाकी ड्राइव्ह, अडीच ते तीन किलो: ३६६० ते ३६७४
- १/८: ४०६८ ते ४०७४ किंवा त्याहून मोठी

३६ मिमीच्या बहुतेक मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमी असतो, ४० मिमीच्या मोटरचा ५ मिमी. मधल्या काही मोटर दोन्ही प्रकारांत मिळतात. पिनियन गिअरचं भोक त्याप्रमाणेच घ्यावं लागतं, नाहीतर नवी मोटर हातात आणि गाडी कपाटात, अशी गत होते.

पायरी ३: केव्ही म्हणजे काय?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही आणि ताकदही नाही. १ व्होल्ट दिल्यावर ओझं नसताना मोटर मिनिटाला किती फेरे मारेल, तो आकडा म्हणजे केव्ही.

फेरे = केव्ही × व्होल्ट

लिपो बॅटरीच्या एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ असतं. २एस म्हणजे दोन सेल, ७.४ व्होल्ट. ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट. ४एस म्हणजे १४.८ व्होल्ट.

आता माझी चूक बघा. ५२०० केव्ही × १२.६ व्होल्ट (३एस फुल चार्ज) = ६५,५२० फेरे! ट्रकच्या बऱ्याच मोटरची मर्यादा ५०,००० च्या आसपास असते. म्हणजे मोटर तिच्या मर्यादेपलीकडे पळवली आणि तिला लागणारा करंट ईएससीला झेपला नाही.

मग कमी केव्ही चांगली की जास्त? लालबागच्या उड्डाणपुलावर चढणारी भरलेली टॅक्सी आठवा. टॉप गिअरमध्ये चढवली तर इंजिन गुदमरतं, खालच्या गिअरमध्ये आरामात चढते. जास्त केव्हीची मोटर टॉप गिअरसारखी असते. तेवढाच जोर लावायला ती जास्त करंट खेचते. ६००० केव्हीच्या मोटरला जेवढ्या जोरासाठी ६० अँपिअर लागतील, तेवढ्यासाठी ३००० केव्हीच्या मोटरला साधारण ३० पुरतात.

आणि करंटचा तापण्याशी वर्गाचा संबंध आहे. समजा ट्रकला ४४४ वॅट हवेत. २एस वर त्यासाठी ६० अँपिअर लागतील (७.४ × ६० = ४४४). ३एस वर ४० पुरतील (११.१ × ४० = ४४४). करंट दीडपट कमी झाला, पण त्याच वायरमधली उष्णता सव्वादोन पटीने कमी झाली. म्हणून अनुभवी लोक सांगतात, व्होल्ट वाढवा आणि केव्ही कमी ठेवा. जड ट्रकसाठी हे सोन्यासारखं सूत्र आहे.

१/१० ट्रकसाठी ढोबळ अंदाज असा:

- २एस वर: ३३०० ते ३९०० केव्ही
- ३एस वर: २४०० ते ३३०० केव्ही
- दगडांवरून हळू चढणारा क्रॉलर: १२०० ते २३०० केव्ही

तयार गाड्याही याच्या आसपासच असतात. आर्माच्या ३एस ट्रकमध्ये ३६६० साइजची ३२०० केव्ही मोटर येते. ट्रॅक्ससच्या व्हेलिनिऑन मोटरची केव्ही ३५०० आहे.

गाडी किती पळेल? वेगाचं गणित

मोटरचे फेरे थेट चाकाला मिळत नाहीत. मधे गिअर असतात. मोटरवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन आणि त्याला लागून असलेला मोठा गिअर म्हणजे स्पर. त्यापुढे डिफरन्शियलचा आतला रेशो असतो, तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. स्पर ८७ दात, पिनियन २० दात, आतला रेशो २.६, चाकाचा व्यास ११० मिमी, मोटर ३३०० केव्ही, बॅटरी २एस.

- गिअर रेशो: ८७ ÷ २० × २.६ = ११.३१
- मोटरचे फेरे: ३३०० × ७.४ = २४,४२०
- चाकाचे फेरे: २४,४२० ÷ ११.३१ = सुमारे २,१५९
- चाकाचा परीघ: ११० × ३.१४ = सुमारे ३४५ मिमी, म्हणजे ०.३४५ मीटर
- वेग: २,१५९ × ०.३४५ × ६० ÷ १००० = ताशी सुमारे ४५ किमी

हा कागदावरचा वेग. हवा, घर्षण आणि वजन धरून प्रत्यक्षात साधारण ८० टक्के मिळतो, म्हणजे ३६ किमी. हीच गाडी ३एस वर कागदावर ६७ आणि प्रत्यक्षात ५४ च्या आसपास जाईल.

वेग वाढवायचा असेल तर पिनियनचा एखादा दात वाढवा, एकदम पाच नाही. दात वाढला की करंट वाढतो आणि मोटर जास्त तापते. पिनियन घेताना त्याच्या दातांचं माप स्परशी जुळलं पाहिजे. ४८ पिचचा पिनियन ३२ पिचच्या स्परवर चालवला तर स्पर काही मिनिटांत खाऊन टाकतो.

पायरी ४: ईएससी कसा निवडायचा?

ईएससीच्या नावातच बरीच माहिती असते. हॉबीविंगचा क्विकरन डब्ल्यूपी-१०बीएल६० हा प्रसिद्ध ईएससी घ्या. डब्ल्यूपी म्हणजे वॉटरप्रूफ, १० म्हणजे १/१० गाडीसाठी, बीएल म्हणजे ब्रशलेस आणि ६० म्हणजे ६० अँपिअर. आता पाच गोष्टी तपासायच्या.

१. सततचा अँपिअर आकडा. खोक्यावर "६०ए / ३६०ए" असं काहीतरी असतं. मोठा आकडा क्षणभराचा असतो, तो विसरा. छोटा आकडा बघा. मोटरच्या कमाल करंटपेक्षा ईएससी किमान २५ टक्के मोठा घ्या. मोटर ६० अँपिअरची असेल तर ८० चा ईएससी बरा. मोठा ईएससी लावल्याने मोटर जळत नाही, कारण मोटर तिला हवा तेवढाच करंट खेचते.

२. किती सेल चालतात? २-३एस लिहिलं असेल तर ४एस लावायची नाही. "एकदा बघू" हे सगळ्यात महाग वाक्य आहे.

३. प्रत्येक सेलसाठी केव्हीची मर्यादा. हा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो आणि मी वाचला नव्हता तो हाच. एकाच ईएससीवर २एस ला जास्त केव्हीची मोटर चालते, ३एस ला त्याहून कमी केव्हीचीच.

४. बीईसी. सर्व्हो ताकदवान असेल तर ३ अँपिअरचा बीईसी तरी हवा. नाहीतर जोरात वळताना रिसीव्हरची पॉवर पडते आणि गाडी क्षणभर ताब्यात राहत नाही.

५. कार किंवा ट्रकचाच ईएससी आहे ना? ड्रोनच्या ईएससीमध्ये साधारणपणे रिव्हर्स नसतो आणि ट्रकसारखा ब्रेकही नसतो.

शेवटचा मुद्दा मुंबईकरांसाठी खास. ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, जाऊन नुसतं "काका, ब्रशलेस मोटर द्या" म्हटलंत तर बहुतेक ए२२१२ ही १००० केव्हीची ड्रोन मोटर आणि ३० अँपिअरचा ईएससी समोर येईल. कॉलेज प्रोजेक्टवाले हेच मागतात, त्यामुळे दुकानदाराची चूक नाही. पण त्या मोटरचा बाहेरचा डबाच फिरतो आणि ती पंख्याच्या वाऱ्यावर थंड राहते. ट्रकच्या बंद चासीमध्ये ती ना नीट बसते, ना टिकते. म्हणून मागताना पूर्ण सांगा: "आरसी कारची, ३६५० साइज, इतकी केव्ही."

सेन्सर असलेली की नसलेली?

सेन्सर असलेल्या मोटरमध्ये चुंबक नेमकं कुठे आहे हे सांगणारी एक जास्तीची बारीक केबल असते. त्यामुळे अगदी हळू वेगातही गाडी अलगद निघते. सेन्सर नसलेली मोटर सुरुवातीला जरा अडखळते, गचके देते, पण एकदा वेग घेतला की फरक जाणवत नाही. ती स्वस्त असते आणि धूळ-पाण्यात कटकट कमी.

मैदानात पळवायचा ट्रक असेल तर सेन्सर नसलेली पुरते. दगडांवर इंच इंच चढणारा क्रॉलर असेल तर सेन्सर असलेलीच घ्या. मोटर आणि ईएससी एकाच डब्यात असलेला हॉबीविंग फ्यूजनसारखा प्रकारही क्रॉलरसाठी मिळतो.

बॅटरी विसरू नका

मोटर आणि ईएससी बरोबर असूनही बॅटरी कमजोर असेल तर गाडीत दम येत नाही आणि बॅटरी फुगते. बॅटरी किती करंट देऊ शकते याचं गणित: अँपिअर-अवर × सी रेटिंग. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-अवर. ५ × ३० सी = १५० अँपिअर. पण लेबलवरचा सी आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो, म्हणून निम्माच धरा, म्हणजे ७५. ६० अँपिअरच्या मोटरला चालेल.

गाडी सरासरी १५ ते २० अँपिअर खात असेल तर ५००० एमएएचवर १५ ते २० मिनिटं खेळता येतं. कनेक्टर एक्सटी६० किंवा त्याहून मोठा असावा. जुन्या गाड्यांमधला पांढरा टामिया कनेक्टर ब्रशलेसच्या करंटला वितळतो.

मुंबईत चालवताना: वाळू, खारं पाणी आणि माणसं

गिरगाव चौपाटीवर ट्रक उडवत नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण बारीक वाळू बेअरिंग आणि गिअरमध्ये शिरते, आणि मऊ वाळूत चाकं रुतली की मोटर दुप्पट करंट खाते. ओल्या वाळूतलं खारं पाणी तर शत्रूच. "वॉटरप्रूफ" म्हणजे पावसाच्या गोड्या पाण्याचे शिंतोडे आणि डबकी चालतात. खारं पाणी कनेक्टर, पंखा आणि बेअरिंग गंजवतं. चुकून भिजलीच तर गोड्या पाण्याने हलकं धुवा, कोरडी करा आणि बेअरिंगला एक थेंब तेल द्या.

दादरला शिवाजी पार्कवर लाल मातीची धूळ ईएससीच्या पंख्यात बसते. दर वेळी घरी आल्यावर ब्रशने साफ करा. शिवाजी पार्क २०१० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र ठरलं होतं, त्यामुळे कर्कश पेट्रोल-नायट्रो गाडीपेक्षा इलेक्ट्रिकच बरी.

पण खरा प्रश्न आवाजाचा नाही, माणसांचा आहे. तिथे नेट प्रॅक्टिस चालू असते, लहान मुलं असतात, कट्ट्यावर आजी-आजोबा असतात. अडीच किलोचा ट्रक ताशी ३६ किमीने आदळला तर त्याची ऊर्जा सुमारे १२५ ज्यूल असते. फास्ट बॉलरने ताशी १४० किमीने टाकलेल्या सीझन बॉलची जवळपास तेवढीच, १२१ ज्यूल. ३एस लावून ५४ ला नेलात तर ऊर्जा दुपटीहून जास्त, २८० ज्यूल. पॅड नसलेल्या पायावर हे बसलं तर काय होईल? म्हणून गर्दी असेल तेव्हा २एस लावा, रिमोटवर थ्रॉटल ५० टक्क्यांवर आणा, किंवा सरळ सकाळी लवकर जा. रस्त्यावर तर अजिबात नाही.

१/८ स्केलचा ६एस ट्रक दिसायला भारी असतो, पण परळ-लालबागमध्ये तो फुल चालवायला जागा कुठे आहे? जागेप्रमाणे गाडी घ्या. चाळीचं अंगण आणि दगडधोंडे असतील तर क्रॉलरमध्ये जास्त मजा येते.

बसवणं आणि पहिली टेस्ट

१. पिनियन आणि स्परच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करा, मग पट्टी काढा. एवढी फट पुरेशी असते.
२. मोटरच्या तीन वायर जोडा. सेन्सर नसलेली मोटर उलटी फिरली तर कोणत्याही दोन वायरची अदलाबदल करा. सेन्सरवाल्या मोटरमध्ये मात्र असं करू नका, ए ला ए, बी ला बी, सी ला सी हेच ठेवा.
३. गाडी खोक्यावर ठेवून चाकं अधांतरी करा. मग मॅन्युअलप्रमाणे न्यूट्रल, फुल थ्रॉटल आणि फुल ब्रेक ईएससीला शिकवा.
४. बॅटरीचा प्रकार "लिपो" वर आहे का बघा. "एनआयएमएच" वर राहिला तर कटऑफ बरोबर काम करत नाही आणि बॅटरी मरते. बऱ्याच नव्या ईएससीच्या सेटिंग ब्लूटूथ मॉड्यूल लावून मोबाईल ॲपवरूनही बदलता येतात.
५. पाच मिनिटं चालवा, थांबा, मोटर आणि ईएससीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. मोटर ८० अंशांच्या आत हवी. जास्त असेल तर पिनियन एक-दोन दातांनी लहान करा. मे महिन्यात आपल्याकडे हवाच तापलेली असते, तेव्हा हे दोनदा तपासा.

चार्जिंग: इथे चूक माफ नाही

लिपोची आग पाणी मारून लगेच विझत नाही आणि आपली घरं एकमेकांना चिकटून आहेत. त्यामुळे बॅलन्स चार्जरच वापरा. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने किंवा त्याहून हळू चार्ज करा. फरशीवर, पत्र्याच्या डब्यात किंवा लिपो बॅगेत ठेवा. गादीवर नाही, वाळत घातलेल्या कपड्यांखाली नाही, आणि दाराबाहेरच्या गॅलरीत लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरही नाही. चार्जिंग लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. आठवडाभर खेळणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना ब्रश्ड ईएससी ब्रशलेस मोटरला चालेल का?
नाही. त्यातून दोनच वायर निघतात आणि मोटरला तीन लागतात. दोन्ही प्रकार चालवणारे काही ईएससी असतात, पण तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

कॉम्बो घेऊ की वेगवेगळं?
पहिल्यांदा घेत असाल तर नावाजलेल्या कंपनीचा कॉम्बो घ्या, जोडी जुळवण्याचा त्रास वाचतो. पण खोक्यावरची सेलची मर्यादा वाचा!

पैसे कमी आहेत, कशात वाचवू?
मोटर साधी चालेल. ईएससी आणि चार्जर यांत काटकसर नको. बाकी गाडीच्या दिसण्यात वाचवा.

बाहेरच्या तयार ब्रशलेस गाड्या इतक्या महाग का?
एक कारण कर. २०२० च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणूनच आपल्याकडे साधी गाडी घेऊन हळूहळू अपग्रेड करणारे बरेच आहेत.

ब्रशलेस टाकल्यावर गाडीचे गिअर का तुटतात?
कारण ते जुन्या कमी ताकदीसाठी बनवलेले असतात. १/१६ च्या प्लास्टिक गिअरवाल्या गाडीत आधी स्टीलचे गिअर आणि चांगला ड्राइव्हशाफ्ट टाका, मग मोटर.

थोडक्यात सांगायचं तर

आधी गाडीचं वजन, मग मोटरची साइज, मग बॅटरीचे सेल, मग केव्ही, आणि शेवटी या सगळ्याला पुरून उरेल असा ईएससी. हा क्रम उलटा केला की धूर निघतो, हे मी स्वतः पाहिलंय. त्यानंतर मी ३६५० साइजची ३३०० केव्ही मोटर आणि ८० अँपिअरचा ईएससी लावला, २एस वर चालवतो. वरच्या मजल्यावरचे अजूनही बघतात, पण आता हसत नाहीत.

तुमची गाडी कोणती, वजन किती आणि कोणती बॅटरी वापरता, ते कमेंटमध्ये नक्की लिहा, आपण मिळून जोडी शोधू. माहिती आवडली असेल तर कार्टमध्ये मोटर टाकून बसलेल्या तुमच्या मित्राला हा लेख आधी पाठवा.